पेठनाक्यावर ओवलेला पीळ

आपल्या गावात काशी करून आलेली माणसं आहेत. फौजेत राहून लडाखचं बर्फ बघितलेली तर पाचपन्नास निघतील. मी सांगलीला जाऊन आलो आणि येताना साताऱ्याला एक दुपार थांबलो, एवढाच माझा प्रवास. तरी वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात त्याबद्दल लिहा म्हणून गुरुजी मागे लागले. मी चौथी पास माणूस. शुद्धलेखन गुरुजी बघतील. खरं-खोटं माझ्याकडे.

लिहायला बसलो त्याला आणखी एक कारण आहे. या वाटेत माझ्यावर आणि माझ्या लेकीवर लोकांनी फार उपकार केले, आणि त्यातल्या एकाच्या उपकारानं तर आमचा पार घोटाळा झाला. तरी ते उपकारच. कुठंतरी लिहिलेले असावेत.

निघण्याआधी

शालनची, म्हणजे माझ्या लेकीची, आई माघात गेली, हे गावाला माहीत आहे. त्यानंतर घरात मी आणि गोठ्यात बैलजोडी. भाकरी मला येते. गोल येत नाही, पण पोटात गेल्यावर कुठं गोल राहते? अडलं ते उतरंडीपाशी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिची गाडग्या-मडक्यांची उतरंड होती, खाली डेरा आणि वर एकावर एक मडकी पार आढ्याला लागेल अशी. चैत्रात मला हुलगे पाहिजे होते. ते नेमके मधल्या गाडग्यात. सगळी उतरवली, हुलगे काढले आणि परत रचायला गेलो तर उतरंड बसेना. मोठं खाली आणि धाकटं वर एवढं मलाही कळतं, पण मधली तीन-चार एकाच मापाची. त्यात कोण कुणावर बसायचं ते तिलाच ठाऊक. शेवटी मडकी जमिनीवरच मांडून ठेवली आणि त्यांच्यातनं वाट काढत चुलीपाशी जायला लागलो. शेजारची सुनबाई म्हणाली, मी लावून देते. नको म्हटलं.

बेंदूर जवळ आला तसं शालनचं कार्ड आलं. शालन माझी एकुलती एक लेक. पुण्याला एम.एस्सी. करून ती सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोग शिकवायला लागली, हेही गावाला माहीत आहे. माहीत नसेल ते सांगतो. बेंगलोरला एक मोठे शास्त्रज्ञ आहेत, मूळचे आपल्या वाईचे. त्यांनी गेल्या साली तिला आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं होतं. आईचं दुखणं बघून ती गेली नाही. यंदा ते एका दिवसासाठी साताऱ्याच्या कॉलेजात येणार होते. तिथं चार-पाच जणांचं काम बघणार आणि एकालाच घेणार. शालननं दाखवायला लाकडाचा एक नमुना केला होता आणि तो एकटीला बसमधून आणणं होणार नव्हतं. 'तात्या, तुम्ही या,' एवढंच लिहिलं होतं.

तिची निवड झाली तर ती बेंगलोरला जाणार, आणि घरात मी आणि जमिनीवरची मडकी. हे मला कार्ड वाचतानाच कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी निघालो.

कोरेगाव ते सांगली

कोरेगावाला रेल्वेत बसलो. मोठी लाईन झाल्यापासून डबा हलतो कमी. कराडपर्यंत रान आपल्यासारखंच, डोंगर लांब उभे. पुढे कृष्णा जवळ येते आणि जमीन काळी होत जाते. दुष्काळ सरून दुसरं वर्ष, त्यामुळं हिरवं दिसलं की अजून डोळे तिथंच थांबतात. भिलवडीच्या आसपास उसाचे फड असे दाट, की शेताचा मालकसुद्धा आत चुकावा.

भाकरी सोडली तर खालून करपलेली. समोरच्या बाकावर एक बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता आपल्या डब्यातला झुणका नि दोन मऊ भाकरी माझ्या फडक्यात ठेवल्या. माझी करपलेली उचलून म्हणाल्या, "ही आमच्या म्हशीला हुईल." मी हसलो. माघानंतर मी कुणासमोर हसलो नव्हतो. बाईंचं गाव नांद्रे, नाव विचारायचं राहिलं.

सांगली

सांगलीत उतरलं की आधी नाकाला कळतं. हळदीचा बाजार मोठा. वारा फिरला की सगळं गाव लग्नघरासारखं वासाला येतं. शालन गावभागात एका काकूंकडं खोली घेऊन राहते. काकू देवभोळ्या, बोलायला गोड. आपल्याकडं पाहुण्याला आधी गूळपाणी, तिथं आधी चहा, तोही कपबशीत काठोकाठ. मग नदीकाठच्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि भडंग. भडंग म्हणजे आपला चिरमुऱ्यांचा चिवडा, पण लसूण आणि तिखट असं की डोळ्यांतलं पाणी कुणाला शरमेनं पुसावं लागत नाही.

काकूंनी विचारलं, तुमचा बेंदूर अजून व्हायचाय? मी म्हटलं, म्हणजे तुमचा झाला? तिकडं पूर्वेच्या बाजूला कर्नाटकी बेंदूर करतात, आपल्याआधी महिनाभर. तिथला बैल पोळ्या खाऊन मोकळा झालेला असतो तेव्हा आपला बैल नांगराला असतो. एकाच कृष्णेकाठी बैलाचं नशीब असं वेगवेगळं.

संध्याकाळी शालन हरिपूरला घेऊन गेली. कृष्णा नि वारणा तिथं एक होतात. वाटेवर हळदीची पेवं बघितली. पेव म्हणजे जमिनीखाली खोदलेली मडक्याच्या आकाराची खोली. वर तोंड एवढंसं आणि आत पोट हे मोठं. पोतीच्या पोती हळद आत ओतून तोंड लिंपून टाकतात, आणि वर्षानुवर्षं कीड लागत नाही. मी वाकून बघितलं. आतनं गार वास आला. शालनच्या आईनं हे बघितलं असतं तर तिथंच बसकण मारून दहा प्रश्न विचारले असते.

संगमावर दोघं बसलो. शालन दोनदा काहीतरी बोलायला गेली आणि दोनदा नदीकडं बघून गप्प झाली. तिला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. मीही विचारू दिलं नाही. बैलांचं बोलत राहिलो.

खोलीवर आल्यावर तिनं नमुन्यावरचं फडकं काढलं. मला वाटलं, देवळातल्या झुंबरासारखं काही असेल. निघाला पिळाचा जिना. मांडीवर दोरी वळतो तसे दोन दोर एकमेकांभोवती वळसा घेत वर गेलेले आणि मध्ये रंगवलेल्या लाकडी पायऱ्या. पायरी दोन तुकड्यांची. तांबड्यासमोर कायम पिवळा, हिरव्यासमोर कायम पांढरा. या जोड्या मोडत नाहीत. पायऱ्या सरळ नाहीत, एका बाजूला कललेल्या. आणि वरून डोळा लावून बघितलं तर मधोमध आरपार पोकळ.

आता हे काय ते तिनं मला सांगितलं तसं सांगतो. आपल्या अंगात, झाडात, सगळ्या जिवंत वस्तूत बारीक निरोपे असतात, अंगाला काय घडवायचं ते सांगणारे. त्यातल्या एकाचं नाव आरएनए. तो बहुतेक एकेरी धागा असतो, पण जागोजागी स्वतःवरच दुमडतो आणि तिथं असा दुहेरी पीळ तयार होतो. भातावरच्या एका रोगाचा विषाणू आहे, त्याच्यात तर सगळाच आरएनए दुहेरी. हे सगळं इतकं लहान की डोळ्याला दिसायचं नाव नाही.

मी विचारलं, मग तू यात काय नवीन केलंस? जिना तर दिसतोच आहे.

ती म्हणाली, पुस्तकात हा जिना खालपासून वरपर्यंत सारखा काढतात. त्याला कारण आहे. असे असंख्य धागे जुडीनं घेऊन त्यांच्यावर क्ष-किरण सोडतात. त्यातनं जो आकार निघतो तो सगळ्यांचा मिळून, सरासरीचा. आता कुठं दोन-दोन पायऱ्यांचे सुटे तुकडे स्फटिकात बघायला मिळायला लागलेत. आणि पायरीवर पायरी कशी बसते, पीळ कुठं घट्ट पडतो नि कुठं सैल, हे पायऱ्यांच्या क्रमावर जातं असं दिसतंय.

मला अर्धं कळलं. तसं तोंडावर सांगितलं. मग ती जवळ सरकून बसली.

"तात्या, आईची उतरंड आठवा. काळ्या मडक्यावर तांबडं ठेवलं आणि तांबड्यावर काळं ठेवलं, तर दोन्ही सारखंच बसंल का?"

"न्हाई."

"का न्हाई? मडकी तर तीच दोन."

"तीच हायत. पर एकाच्या बुडाशी दुसऱ्याचं त्वांड येतं. उलटं केलं की बूड बी दुसरं, त्वांड बी दुसरं."

"मग झालं. एवढंच हाय माझं."

मला जमिनीवर मांडलेली मडकी दिसली. तिला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये तिनं लाकडाची बारीक पाचर बसवली होती. कुठं जाड, कुठं पातळ, कुठं तिरकी. कुठली पाचर कुठं, हे खालची आणि वरची पायरी मिळून ठरवतात. खऱ्या आरएनएत फरक इतका मोठा नसतो, डोळ्याला दिसावा म्हणून वाढवून दाखवलाय, हे तिनं मला आधीच सांगून टाकलं. पाचरी घासून घासून तिच्या बोटांची सालं गेली होती. कितीतरी रात्री ती झोपली नव्हती. आईच्या हाताला खुरप्याच्या मुठीनं पडायचे तसे घट्टे तिच्या बोटांना पडले होते.

पेठनाका

सकाळी एस.टी.त बसलो. रेल्वेची वेळ जुळत नव्हती, साताऱ्याला दुपारपर्यंत पोचायचं होतं. कंडक्टर म्हणाला, खोकं टपावर टाका. मी म्हटलं, मला टाका टपावर, खोकं मांडीवर राहील. त्यानं मुकाट तिकिटं फाडून दिली.

इस्लामपूरला आमच्या बाकाशेजारी मुनीरभाई नि त्यांची बायको हमीदाबी येऊन बसली. मुनीरभाई पटवेगार. पटवेगार म्हणजे रेशमाच्या दोऱ्यात मणी ओवून माळा, गोंडे करणारा. बेंदराचा माल घेऊन कराडच्या बाजाराला निघाले होते. गाठोड्यातनं बैलांच्या गोंड्यांचे जांभळे-तांबडे झुबके बाहेर आलेले. शालनच्या खोक्यात काय आहे ते त्यांनी विचारलं, तिनं झाकण उघडून दाखवलं. मुनीरभाई डोळे बारीक करून बघत राहिले. हमीदाबी म्हणाल्या, लेक गुणाची हाय. मी फुगलो.

पेठनाक्याच्या अलीकडं नांगराला न जुंपलेली बैलं रस्त्यात आडवी आली. धुवायला ओढ्यावर चालवली होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. खोकं माझ्या मांडीवरनं सुटलं, समोरच्या बाकावर आपटलं आणि जिन्याच्या खालच्या अर्ध्या भागाचे दोर तुटले, सरस सुटला. पायऱ्या नि पाचरी बाकांखालून घरंगळत पार ड्रायव्हरच्या पायापर्यंत गेल्या.

शालन उठून उभी राहिली आणि तिथंच तिला उलटी आली. पोटात अन्न नाही, झोप नाही. वर गाडीचा पाटा दुखावला म्हणून ड्रायव्हरनं नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. हमीदाबींनी शालनला पदरात धरून हॉटेलामागं नळावर नेलं. जाता जाता शालन एवढंच म्हणाली, तात्या, नुसतं गोळा करून ठेवा.

अख्खी गाडी गुडघ्यावर आली. कोण बाकाखाली शिरलं, कोण बाहेरच्या मातीत शोधायला लागलं. एक तुकडा कंडक्टरच्या तिकिटाच्या पेटीत निघाला. एका म्हातारीनं पाचर तोंडात धरली होती, हातात पिशव्या होत्या म्हणून. सगळे तुकडे मिळाले. मी त्यांना हात जोडले.

चिंचेखाली बसून मी ते फडक्यात बांधत होतो. मुनीरभाई शेजारी येऊन बसले. म्हणाले, "आसं न्हेऊन काय दाखवणार ती? आणा हिकडं." मी म्हटलं, नुसतं गोळा करायला सांगितलंय. ते म्हणाले, "तात्या, आवं, जल्म गेला माझा ओवण्यात." त्यांचा हात गाठोड्यात गेला, रेशमी दोर बाहेर आला आणि बोटं चालायला लागली. असलं कसब समोर चाललेलं असताना कोण नको म्हणंल? मीच एकेक तुकडा हातात द्यायला लागलो. "आता तांबडा द्या. आता हिरवा."

तांबड्यासमोर पिवळा आणि हिरव्यासमोर पांढरा ही जोडी त्यांनी वरच्या भागात बघून ठेवली होती, ती कुठंच मोडली नाही. पण बैलाच्या माळेला लागतो तसा त्यांनी एकाआड एक रंग लावला. एकदा तांबडा-पिवळा, एकदा हिरवा-पांढरा, आणि तांबडे सगळे एका अंगाला. पाचरी हाताला येतील तशा मध्ये सरकवल्या. बेंदराचा सगळा साज असाच असतो, दोन बैलांना जोडीचा, दोन्ही अंगांना सारखा. वाकडंतिकडं ओवलेली माळ पटवेगाराच्या हातून होतच नाही. शेवटी जिन्याच्या बुडाला त्यांनी एक जांभळा गोंडा बांधला आणि नमुना उभा धरला. गाडीतली माणसं वाहवा करायला लागली. मला तर पहिल्यापेक्षा देखणा वाटला.

शालन तोंड धुऊन आली. तिनं नमुना बघितला. आपल्या आईसारखीच आहे ती. फार मोठं काही झालं की चेहऱ्यावर काही दिसत नाही.

मुनीरभाईंनी विचारलं, "झालं का पोरी मनासारखं?"

"लय छान झालंय, चाचा," ती म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली. हमीदाबींनी तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

गाडी सुरू झाल्यावर ती खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "तात्या, खालचं सगळं आता खोटं हाय."

मला कळलं नाही. जोड्या तर बरोबर होत्या, तुकडा एकही कमी नव्हता. ती म्हणाली, जोड्या बरोबर आहेत, क्रम बदललाय. पाचरी जुन्याच क्रमाच्या, नव्या क्रमात कशाही घातलेल्या. नीट बघितल्यावर मलाही दिसलं. जिना एका जागी गळा दाबल्यासारखा आवळला होता आणि दुसऱ्या जागी पायरी पायरीवर टेकतच नव्हती. उतरंडीत असं झालं की रात्री मडकं खाली येतं.

मी म्हटलं, गाडीतच सोडून परत ओवू. ती म्हणाली, हलत्या गाडीत होणार नाही आणि मूळचा क्रम कागदावर आहे, कागद खोलीवर. कराड आलं. मुनीरभाई नि हमीदाबी उतरली. दोघं खिडकीखाली उभी राहून हात हलवत होती. शालननंही गाडी वळेपर्यंत हात हलवला. त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही, ते बरं केलं. पुढं साताऱ्यापर्यंत ती नमुन्याकडं बघत बसली होती, आणि मी अजिंक्यताऱ्याकडं. पोरीचं वर्ष पुन्हा वाया जाणार म्हणून माझा जीव थोडा होत होता. आणि वाया गेलं तर ती जवळच राहील, हेही मनात येऊन गेलं. माणूस आहे मी.

सातारा

कॉलेजातला हॉल मोठा. मी मागच्या बाकावर बसलो, पटका सारखा करून. बेंगलोरचे सर म्हणजे सडपातळ माणूस, डोक्यावर केस कमी, बोलणं निम्मं इंग्रजी निम्मं घाटावरचं. शालनच्या आधीच्या पोरांनी काचेच्या पट्ट्या भिंतीवर दाखवल्या. मग शालन नमुना घेऊन वर गेली आणि हॉलमध्ये हशा पिकला. बुडाला गोंडा होता.

सरांनी विचारलं, हे काय, याला बैलासारखं सजवलंय का? शालननं जे झालं ते सगळं सांगितलं. ब्रेक, चिंच, मुनीरभाई, एकाआड एक रंग. काही लपवलं नाही. लोक परत हसले, पण आता वेगळं.

सर म्हणाले, "म्हणजे वरचा अर्धा भाग बरोबर आणि खालचा चुकलेला."

"नाही सर," शालन म्हणाली. "क्रम चुकलेला नाही. असाही क्रम आरएनएत असू शकतो. चुकल्यात त्या पाचरी. प्रत्येक क्रमाला त्याच्या त्याच्या पाचरी लागतात. तेच मला दाखवायचं होतं."

"दाखव मग."

तिनं हॉलमध्ये नजर फिरवली आणि म्हणाली, "तात्या, वर या. धरायला पाहिजे."

मी पटका सावरत वर गेलो आणि नमुना दोन हातांनी उभा धरला. शालननं पिशवीतनं काड्यापेटी काढली. पाचरी करताना ती नेहमी जास्तीच्या करून ठेवते, सगळ्या तऱ्हेच्या. मुनीरभाईंनी ओवताना सरकगाठी मारल्या होत्या, दोर न कापता सैल होतील अशा. तिच्या मूळच्या नमुन्यात सगळं सरसानं चिकटवलेलं होतं, तिथं हे झालंच नसतं. ती गाठ सैल करायची, चुकीची पाचर काढायची, खालची पायरी बघायची, वरची बघायची, काड्यापेटीतली एक निवडून सरकवायची, गाठ आवळायची. कागद नाही, काही नाही. माझे हात भरून आले, पण मी हललो नाही. कृष्णेच्या पुराला उभा राहिलेला माणूस आहे मी, एवढ्यानं काय होतंय.

ती बाजूला झाली तेव्हा माझ्या हातात एकाच नमुन्यात दोन वेगळे जिने होते. तीच लाकडं, त्याच जोड्या. वरच्या भागाचा पीळ एका रीतीनं चाललेला, खालच्याचा दुसऱ्या. खाली एक वळसा घट्ट, त्यानंतरचा सैल, परत घट्ट, परत सैल, मुनीरभाईंच्या रंगासारखाच एकाआड एक. आणि दोन्ही भाग आपापल्या जागी नीट बसलेले. कुठं फट नाही.

सर जवळ आले. त्यांनी वरून डोळा लावून मधल्या पोकळीतून बघितलं, बाजूनं बघितलं, गोंडा बोटानं हलवला. मग म्हणाले, "गेल्या वर्षी का आली नाहीस?"

"आई आजारी होती."

"आता?"

"आता नाही," ती म्हणाली. म्हणजे आजारी नाही, की आई नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाले, पुढच्या महिन्यात येऊन रुजू हो. गोंड्यासकट घेऊन ये.

बाहेर आलो. राजवाड्याजवळ कंदी पेढे घेतले, पहिला देवाला म्हणून बाजूला ठेवला, दुसरा शालनच्या हातावर. तिनं तो खाल्ला नाही.

"तात्या, जाऊ का?" तिनं विचारलं. हरिपूरला संगमावर जे गिळलं होतं तेच.

"तुझी आय असती तर तिनं तुला इचारू दिलं असतं का?"

"न्हाई. ती ट्रंक भरत बसली असती."

"मग माझी परवानगी कशाला मागतीस? जा. पर बैलं सजल्याली बघून जा."

तिनं पेढा खाल्ला. मी तोंड फिरवून टांगेवाल्याशी उगीचच भांडलो.

घरी

बेंदराला शालन घरीच होती. बैलांची शिंगं तिनं रंगवली, पुरणपोळीचा घास तिनं दिला. जमिनीवर मांडलेली मडकी तिनं बघितली. बसली आणि एकेक उचलून बुडं न्याहाळायला लागली. आईचा क्रम तिलाही ठाऊक नव्हता. ती म्हणाली, तो काही आता सापडायचा नाही, तात्या. आपण आपला लावू.

मग मीच लावली. ती नुसती बसून बघत होती. जिथं मडकं डुगडुगलं तिथं चुंबळ केली. शालनच्या आईचं एक जुनं इरकली लुगडं होतं, पार विरलेलं. त्याचे काठ फाडून चुंबळी वळल्या. कुठं जाड, कुठं पातळ, खालचं तोंड आणि वरचं बूड बघून. लुगडं फाडताना हात थांबला होता. शालननं दुसरं टोक धरलं.

उतरंड उभी आहे. तिच्या आईची होती तशी सरळ नाही, जराशी भिंतीकडं कललेली आहे, पण रात्री अजून एकही मडकं हललं नाही. शालन बेंगलोरला गेली, गोंडा घेऊन. नांद्र्याच्या त्या बाई, काकू, गाडीतली माणसं, हमीदाबी, मुनीरभाई, सर, सगळ्यांचं भलं होवो. मुनीरभाईंना कुणी कराडच्या बाजारात भेटलं तर सांगा, त्यांनी ओवलेला क्रम तसाच ठेवलाय, एकही रंग बदलला नाही.

सगळ्यात वरच्या गाडग्यात मी शेंगदाणे भरून ठेवलेत. माझा हात तिथं पोचत नाही. शालन उंच आहे. दिवाळीला आल्यावर ती काढील.